चौथा पेला

१४ ऑक्टोबर

म्हातारी रिकामी करायची! दादाने जेवताना सांगितलं. मीठ मागावं तसं.

आई वाढत होती. वाढत राहिली.

"कधी?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. तोवर तिच्यात नवा रस घालू नकोस. आधी चाचणी घेऊ. लोकांनाच विचारू. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

म्हातारी म्हणजे तळघराच्या कोपऱ्यातलं पिंप. पणजोबांच्या वेळचं. ते कधीच पूर्ण रिकामं होत नाही. दोन हिस्से सायडर काढायची, तिसरा हिस्सा गाळासकट तसाच ठेवायचा, त्यावर नव्या सफरचंदांचा रस. यीस्ट बाहेरून आणायचं नाही. आतलं आतच जागं होतं. म्हणजे पणजोबांनी ओतलेल्या रसाचा एखादा थेंब अजून तिच्यात असणारच. बाबा हे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. पाहुणे पेला हळूच खाली ठेवायचे.

दादाला वाटलं मी भांडेन. आईलाही वाटलं असावं, तिचा हात थांबला.

मी म्हणाले, "कर."

१५ ऑक्टोबर

दिवसभर बागेत. झाडं हलवायची, पडलेली वेचायची, सडकी बाजूला. चिखल घोट्यापर्यंत. संध्याकाळी बूट धुतले. आमचे तिघांचे रबरी बूट एकाच दुकानातले, एकसारखे. बाबांनी माझ्यांना वरून भोकं पाडून लाल नाड्या ओवल्या होत्या, ओळखू यावेत म्हणून. नाड्या आता विटल्यात. काढवत नाहीत.

दादा दोनदा येऊन बघून गेला. मी "कर" म्हणाले ते त्याला पचलेलं नाही.

१७ ऑक्टोबर

पाहणीवाल्या बाई आल्या. लोकांना काय आवडतं ते शोधून काढणं हा त्यांचा धंदा. साबण, बिस्किटं, खुर्च्या — सगळं केलंय म्हणे. राखाडी कोट, लहान पावलं. तळघरात उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला.

दादा म्हणाला, "आमची सायडर लोकांना नको असते, पण आम्ही ती बनवणं थांबवलेलंही नको असतं. याला काय म्हणायचं?"

बाई हसल्या. "नेहमीचंच आहे हे. लोकांना लेबलावर म्हातारा हवा असतो, पेल्यात नको असतो. 'पारंपरिक' लिहा, विकलं जाईल. पण आत गोड, स्वच्छ आणि फसफसणारी पाहिजे. गढूळ दिसली की म्हणतात खराब झालीय. आंबट लागली की म्हणतात जुनी आहे. फेस नाही म्हटलं की — हे काय, पाणी?"

"मी हेच सांगतोय वर्षभर," दादा माझ्याकडे बघून म्हणाला.

चार पेले ठरले. पहिला कारखान्याचा, बाजारात मिळतो तो. दुसरा दादाचा — स्टीलच्या टाकीतला, गाळलेला, वायू भरलेला. तिसरा नव्या पिंपातला. चौथा म्हातारीचा. पेल्यांवर फक्त आकडे. प्रत्येकाला एक कागद: रंग, वास, चव, पुन्हा घ्याल का. शेवटी एक रकाना — काय आठवतं?

"हा कशाला?" मी विचारलं.

"ताई, जिभेला शब्द नसतात. आठवणींना असतात. कुणी आजी लिहितं, कुणी शाळा, कुणी समुद्र. त्यातून कळतं, माल कुणाला विकायचा."

जाताना बाईंनी म्हातारीवर हात ठेवला. लगेच काढला. "गार आहे," म्हणाल्या. सगळीच पिंपं गार असतात.

२१ ऑक्टोबर

चाचणीसाठी म्हातारीतून दोन घागरी काढल्या. चव घेतली नाही. वर्ष झालं, घेतलेली नाही. ही गेल्या वर्षीची. बाबा गेले त्या दिवशी तिच्या पोटात होती तीच.

तळघराचे दोन नियम. बाबांनी मला अक्षरं शिकवण्याआधी शिकवले.

एक: आधी मेणबत्ती, मग माणूस. खिळ्याला पत्र्याचा डबा असतो, त्यात मेणबत्ती, डब्याला तार. तिसऱ्या पायरीवर उभं राहून डबा खाली सोडायचा. रस आंबताना त्यातून जो वायू निघतो तो जड असतो. जमिनीलगत साचतो. रंग नाही, कळण्याजोगा वास नाही. ज्योत विझली की उतरायचं नाही. झरोका उघडायचा, तासभर थांबायचं.

दोन: बाहेरच्या चपला-बूट वरच्या पायरीवर काढायचे, आतल्या लाकडी सपाता घालून उतरायचं. घाण आत जात नाही, आणि खाली कोण आहे ते वर कळतं. आई पायरीवरचे जोड बघून पानं घ्यायची.

बाबा मेणबत्ती न नेता उतरले. डबा खिळ्यालाच होता, सगळ्यांनी पाहिला. वय झालं, विसरले — असं सगळे म्हणतात. चाळीस वर्षं न विसरलेला माणूस.

आता लिहितेच. वहीला काय, ती कुणाला सांगणार आहे!

झरोका मी लावला होता.

नऊ नोव्हेंबरची सकाळ. आठवडाभर उत्तरेचा वारा. म्हातारी गारठली होती. झाकणावरच्या काचनळीतून मिनिटाला चाळीस बुडबुडे यायचे ते अकरावर आले होते. बाबा म्हणाले, राहू दे, ती तिच्या चालीने चालेल. मला राहवलं नाही. मी मेणबत्ती सोडून बघितली, खाली उतरले, झरोक्याची फळी आतून सरकवली. दोन तासांसाठी. दहापर्यंत परत येऊन उघडणार होते. वर आले तर बाटल्यांची गाडी फाटकात भोंगा वाजवत होती. शहरात जायच्या चपला स्वयंपाकघरात होत्या, त्या पायांत सरकवल्या आणि पळाले. कुणाला काही सांगितलं नाही.

गाडी वाटेत बंद पडली. परतायला दीड वाजला.

तळघराच्या वरच्या पायरीवर चपलाच चपला. अख्खा शेजार. असल्या वेळीही सगळ्यांनी नियम पाळला होता. मी घराला वळसा घातला आणि फळी बाहेरून उघडली. कुणी पाहिलं नाही. मग पुढच्या दाराने आत आले आणि रडले.

म्हातारी रिकामी झाली तर बरंच. म्हणून "कर".

२५ ऑक्टोबर

चाचणी. आमच्याच बाटल्या भरायच्या खोलीत. बारा माणसं, बाईंनी जमवलेली, आम्हाला एकही ओळखीचा नाही. एक न्हावी, दोन शिक्षिका, एक नर्स, एक शिंपी, बाकीचे आठवत नाहीत. टेबलावर पांढरं कापड.

पहिल्या पेल्याला गप्पा. दुसऱ्याला हशा. "ही बायकोला आवडेल." "आणि तुम्हाला?" "बायकोला आवडलं की मला आवडतंच!" दादा दाराआड उभा राहून ऐकत होता, कान लाल.

तिसऱ्याला जरा कमी.

चौथ्याला कुणी बोललं नाही. पेन्सिली तेवढ्या चालत होत्या. नर्सने मध्येच खुर्ची मागे सरकवली आणि पाय वर उचलून घेतले, खाली पाणी आल्यासारखे.

पेले मी उचलले. पहिले तीन अर्धेमुर्धे टाकलेले. चौथे बाराही रिकामे.

२६ ऑक्टोबर

कागद वाचले.

"पुन्हा घ्याल का?" — चौथ्यापुढे बारा वेळा "नाही". दादाने पत्त्याच्या डावासारखे ते टेबलावर मांडले.

"बघ. एकही नाही. म्हणे वारसा!"

तो गेल्यावर शेवटचा रकाना वाचला. पहिल्या तिन्हींना आहे ते ठीक आहे: मामाचं लग्न, दवाखान्यातलं औषध, परीक्षेचा दिवस. चौथ्याला —

ओला दगड.
पायऱ्या.
गुडघ्यापर्यंत गारवा.
विझलेल्या वातीचा धूर.
पायऱ्या, खाली.
कुणीतरी खिडकी लावून घेतलीय.

शिंपी लिहितो: "खिडकी मी लावली नाही." बस्स, एवढंच.

वही मिटली होती. पुन्हा उघडली. एक कळत नाही. खिडकी — असेल. पण धूर? बाबांनी मेणबत्ती नेलीच नव्हती.

२७ ऑक्टोबर

बाईंना फोन केला. त्याच आधी म्हणाल्या, "ताई, एक विचारू का? तुम्ही त्यांना आधी काही सांगितलं होतंत?"

"कशाबद्दल?"

"बारा माणसांना एकच आठवण येत नाही. साबणालासुद्धा नाही."

मी म्हटलं, तळघराचा वास उतरला असेल सायडरमध्ये. लाकूड, दगड. हो, असेल, म्हणाल्या. पटलं नव्हतं. मग म्हणाल्या, दुसऱ्या शहरातली माणसं घेऊ. खात्रीसाठी. वेगळे पैसे नकोत.

२८ ऑक्टोबर

दुपारी न्हावी फाटकाशी उभा. चाचणीतला. दुकान बंद करून आला होता, खांद्यावर कापलेले केस.

"चौथ्यातला एक पेला मिळेल का?"

"आवडली?"

"छे हो! भयंकर आहे." जरा थांबला. "मिळेल का?"

दिला. उभ्या उभ्याच प्यायला. डोळे मिटून, काही ऐकत असल्यासारखा. पेला परत देताना म्हणाला, "वर कुणीतरी यायला हवं होतं." मी विचारलं, वर म्हणजे कुठे? तो गोंधळला. "असं म्हणालो मी?"

३० ऑक्टोबर

म्हातारी मिनिटाला दोन बुडबुडे.

हे व्हायला नको. नवा रस घातलेला नाही. आतली साखर कधीच संपली. आंबायला काही उरलेलं नाही.

पिंपवाले काका आले होते, म्हातारी सुटी करायला किती कड्या काढाव्या लागतील ते बघायला. बाबांचे मित्र. पिंपांचीच कामं करत म्हातारे झाले. बाबांना तळघरातून ओढून वर काढलं ते यांनीच. त्यांना नळी दाखवली.

"हवा बदलली की होतं असं. म्हाताऱ्या माणसाचे सांधे नाही का दुखत?"

"काका, लोकांना तिच्या चवीत पायऱ्या दिसतात."

"दिसणारच. पिंप म्हणजे सासू गं. काही विसरत नाही." हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे झरोक्याकडे गेले. की मला वाटलं?

१ नोव्हेंबर

दुसरी चाचणी. बाईंच्या कचेरीत, दोन तासांच्या वाटेवर. खिडकीखाली रहदारी, भिंतीला पांढरा रंग, तळघराचा मागमूस नाही. पुन्हा बारा माणसं. आकडे तेरापासून चोवीस. मी मुद्दाम क्रम बदलला — म्हातारीचा पेला पहिला ठेवला, कारखान्याचा चौथा.

पहिल्या पेल्यालाच खोली गप्प झाली.

शाळेची बस चालवणारा एक दांडगा माणूस होता. आल्यापासून विनोद करत होता. पेला संपवला आणि दाराकडे बघून जोरात "ओ!" म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"कुणी हाक मारली?" त्याने विचारलं.

२ नोव्हेंबर

कागद अकराच. सतरा नंबरचा नाही. तो घड्याळजीचा, असं बाईंच्या यादीत आहे. गाडीत पडला असेल, शोधून पाठवते म्हणाल्या.

रंग, वास, चव — नाही, नाही, नाही. शेवटचा रकाना:

तिसऱ्या पायरीवर उभा आहे कुणी.
हातात तार.
धूर.
ज्योत गेली.
हाक मारतो. कुणाला ते कळत नाही.

आणि एकवीस नंबर, एक बँकेतली मुलगी, नाजूक अक्षर: "मुंगी."

बाई फोनवर हसत होत्या. "तुमच्या पेल्यात मुंगी होती का हो? तशी तक्रार नाही केली तिने, पण लिहिलंय खरं."

मुंगी मी. लहानपणी रस काढताना यंत्राखाली सांडलेला रस बोटाने चाटायचे म्हणून. फक्त बाबा म्हणायचे, तेही फक्त तळघरात. आईला ठाऊक नाही. दादाला ठाऊक नाही. मी ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आत्ता लिहिलं.

म्हातारी मिनिटाला पाच.

३ नोव्हेंबर

झोप नाही.

५ नोव्हेंबर

दादाने निकाल भिंतीवर लावला. तेवीसपैकी तेवीसांना म्हातारी नको. दुसऱ्या नंबरला — त्याच्या टाकीला — एकोणीस जण "हो".

लेबलाचा नमुनाही आला. बाबांचा फोटो, पेला उंचावलेला. खाली "पणजोबांपासून".

"बाबांनी ही टाकीतली कधी तोंडात तरी घेतली होती का?" मी विचारलं.

"बाबांचं म्हणशील तर बाबा आज नाहीत. आणि का नाहीत? त्या तळघरापायी. त्या पिंपापायी. मला नाही ठेवायचं ते घरात. तुला धंद्याचं वाटत असेल, मला धंद्याचं नाही. रोज उतरतेस तिथे. मला वर उभं राहून चपला बघवत नाहीत तुझ्या."

तो पिंपावर राग काढतोय. पिंपाचा काय दोष!

दहा तारीख ठरली.

८ नोव्हेंबर

म्हातारी मिनिटाला अकरा. तीनदा मोजले.

उद्या वर्ष. दुपारी आई बाटल्या धुवायला बसली होती. मी समोर बसले, ब्रश घेतला. सात-आठ बाटल्या झाल्यावर म्हटलं, "आई, झरोका मी लावला होता. त्या दिवशी सकाळी."

तिने बाटली उजेडात धरून पाहिली. पुन्हा पाण्यात घातली.

"आणि उघडलास कधी?"

"आल्यावर. बाहेरून."

"म्हणजे वर्षभर एकटीच." एवढंच म्हणाली. मी रडायला तयार होते, तिने वावच दिला नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "डबा खिळ्याला मी लावला."

मला कळलं नाही.

"ते जेवायला आले नाहीत म्हणून मी गेले बघायला. डबा तिसऱ्या पायरीवरून खाली लोंबत होता, तार कठड्याला गुंडाळलेली. मेणबत्ती विझलेली. ते त्याच्या खाली. विसरले नव्हते गं. मेणबत्ती सोडली, विझलेली पाहिली, आणि तरी उतरले."

"का?"

"का उतरतो माणूस?" बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत राहिली. "लोक जमले असते, डबा बघितला असता, तर काय म्हणाले असते? म्हणून आधी डबा खिळ्याला लावला, मग ओरडले. म्हणू देत विसरला म्हातारा. विसरणं परवडलं."

तिने पुढची बाटली घेतली.

"सकाळी भांडलो होतो आम्ही. तू झाडांत होतीस. मी म्हटलं, सारखं तळघर, सारखं तळघर — जा, तिच्याजवळच जाऊन बसा कायमचे. असं म्हटलं मी. ते हसले. बूट घातले आणि गेले."

तिने शेवटची बाटली उपडी घातली. "तुझ्या झरोक्याने नाही गेले ते. माझ्या तोंडाने गेले."

मला वाटलं होतं, कबूल केलं की हलकं वाटेल.

९ नोव्हेंबर

सकाळी उतरले. मेणबत्ती स्वच्छ जळली. झरोका उघडा. सपातांचा आवाज नको वाटला म्हणून त्याही काढल्या, अनवाणी गेले. दगड ओला.

पेला भरला. वर्षाने. विचारायचंच होतं — बाबा, का उतरलात? चोवीस परक्यांना सांगता, मला सांगा.

प्यायले. सगळा.

आंबटढाण. जिभेला कोरडी. शेवटी कडसर, सालीसारखी. चांगली आहे. फार चांगली आहे! बाबांची आतापर्यंतची सगळ्यात चांगली.

बाकी काही नाही. ना धूर, ना हाक. थांबले. मेणबत्ती बोटभर जळेपर्यंत थांबले.

घरच्यांशी बोलत नाही ती.

नळीत बुडबुडा नाही. शून्य.

१० नोव्हेंबर

रिकामी केली. काकांनी तळाचं बूच काढलं. आधी सायडर, मग गाळ, काळपट, चिखलासारखा. नालीतून बागेत सोडला. दादा वरच थांबला, उतरला नाही. आई खिडकीत.

काकांनी विजेरी घेऊन आत डोकं घातलं. "काही नाही," आतून आवाज आला, घुमलेला. "स्वच्छ." डोकं बाहेर काढून विजेरी विझवली. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही..." म्हणाले, आणि पुढचं म्हणालेच नाहीत.

आई जेवली नाही.

११ नोव्हेंबर

आई उठून बसते, पडते, उठून बसते. डॉक्टर म्हणाले, काही नाही, मन आहे. मन म्हणजे काही नाही!

फाटकाशी न्हावी येऊन गेला. पिंप रिकामं केलं म्हटलं. त्याला हायसं वाटलं की वाईट, त्यालाच कळेना. "मग ते गृहस्थ?" म्हणाला, आणि जीभ चावून निघून गेला.

१३ नोव्हेंबर

आई आज बाटल्यांपाशी बसली. धूत नाही. नुसतं पाण्यात हात घालून बसते. मी म्हटलं, आई, ते बोलणं बाबांनी मनावर घेतलं नसेल. हसले ना ते? म्हणाली, "हसले म्हणूनच."

उत्तर जिच्याकडे होतं तिला नालीतून सोडली.

१४ नोव्हेंबर

टपालाने पाकीट. सतरा नंबर. बाईंची चिठ्ठी: "दुसऱ्या कागदाला चिकटला होता. आता उपयोग नाही, पण नोंद पूर्ण असावी." घड्याळजीचं अक्षर बारीक, सरळ.

रंग: गढूळ. वास: धूर. चव: आंबट, मग कडू. पुन्हा घ्याल का: नाही. काय आठवतं: "वरच्या पायरीवर रबरी बूट, एक जोड, लाल नाड्यांचे. ज्योत विझलीय. खालून ती ओ देत नाही."

त्या दिवशी मी चपला घालून शहरात गेले होते. बूट पायरीवरच राहिले.

बाबांना वाटलं, मी खाली आहे.

आई बाटल्यांपाशी आहे. बूट घेऊन तिच्याकडे जाते.